बैलांच्या खांद्याचं दूध

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९५४. गोंदिया

मिलच्या जुन्या चोपडीची एक बाजू कोरी होती, तीच वही म्हणून घेतली. पुढून हिशेब आणि मागून मनातले. हिशेबात देवधर्माचे एक पान आणि औषधाचे एक पान वेगळे राखले आहे, म्हणजे घोटाळा नको.

यांनी काल भैय्यालाल सेठच्या राईस मिलमधले मिस्त्रीपण सोडले. अठरा वर्षे त्या मिलची चाके यांच्याच हाताने फिरली. सेठ रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "अखाजी तक तेरी जगह खाली रखता हूँ, तेजराम. दवा-ववा बनाना मिस्त्री का काम नहीं. फिर हाथ जोड़के आना." हे मला सांगताना यांचा आवाज अगदी शांत होता. म्हणून मला जास्त लागले.

औषध म्हणजे बैलांच्या खांद्याचे. चिखलणीत जू घासून बैलांचे खांदे सोलतात. बाहेरून येणाऱ्या औषधात टर्पेंटाइन आणि करंजीचे तेल वर तरंगते, पाणी खाली राहते. घाईत वरचेच ओतले जाते. गेल्या साली कामठ्याच्या दुधरामच्या बैलाची कातडी त्यानेच भाजून निघाली. तिथल्या शेतकरी सोसायटीचे चिटणीस केशोराव आमच्या यांना म्हणाले, "मिस्त्री, तेल आन् पानी एक करून दे. तीन बाटल्या पंधरा दिवस माझ्या खिडकीत राहतीन. तेलाचा एक थेंब वर आला नाई, तं चाळीस डझन घेतो. आला, तं राम राम."

अखाजी (अक्षय्य तृतीया) पाच मेला आहे. तोवर साधले तर हे स्वतःचेच मालक. नाही साधले तर सेठच्या दारात उभे राहायचे. मारुतीरायाला एकच मागणे आहे, यांना ते उभे राहणे दाखवू नको.

रविवार, १४ फेब्रुवारी

पहिला घाणा. ऑइल इंजिन शेडच्या भिंतीपलीकडे आहे, कारण टर्पेंटाइनला ठिणगी चालत नाही. भिंतीतल्या भोकातून पट्टा येतो आणि अलीकडे डब्यावर उभा दांडा फिरतो. दांड्याला खाली लाकडी पंखा. डब्यात अडीच शेर माल: पाण्यात विरघळवलेला साबण, कापूर, तेले. साबण मी तोळ्यावर मोजून घातला, चिमूटभर जास्त नाही.

नवे यंत्र म्हणून पूजा केली. परसातले मुठीएवढे लिंबू कापले, कुंकू लावले, दांड्याच्या डोक्यावर पिळले. हे तेव्हा पलीकडे इंजिनाचे चाक फिरवत होते. इंजिन लागले आणि पट्टा सुटून माझ्या कानाजवळून गेला. इजा झाली नाही, ही लिंबाचीच पुण्याई. तेव्हाच ठरवले, घाणा लावायचा त्या दिवशी लिंबू चुकवायचे नाही.

दोन तास घुसळले. उतरवले तसे तेल वर. सासूबाई (रामकलीबाई, यांच्या मातोश्री) ओसरीवरून म्हणाल्या, "ताक घुसरलं का लोनी वर येते गा. येवढी अक्कल तं माह्या रवीलेई आहे."

शनिवार, २७ फेब्रुवारी

पंखा मोठा केला, मग लहान केला. चाक बदलून वेग वाढवला तर डब्यात भोवरा पडला, हवा आत ओढली गेली आणि फेसाने डबा उतू गेला. सासूबाईंनी दारातूनच विचारले, "दिवारी आहे का वो, घर धुवून काहाडलं?" औषधाच्या पानावर सात घाणे, सातही वाया. देवधर्माच्या पानावर सात लिंबे. झाड घरचे, पैसा लागत नाही, तरी हिशेब म्हणून लिहिते.

आज हे जेवताना भाताचे एक शीत बोटांत धरून बराच वेळ बघत बसले होते. मी विचारले, खडा लागला का? तर म्हणाले, "नाई. मोडलेलं आहे."

सोमवार, ८ मार्च

आज काहीतरी झाले. नीट लिहून ठेवते.

यांनी मिलच्या भंगारातून धान कांडायच्या हलरची एक झिजलेली लोखंडी जाळी आणली. ती वाकवून तिचे गोल कडे केले, डब्याच्या तळाशी पक्के बसवले. कड्याच्या आत चार पात्यांचे पोलादी चाक. पात्याचे टोक आणि जाळी यांच्यामध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकते, तेवढीच फट. मला म्हणाले, "मिलमंधी जन्मभर एकच झगडा केला. दाणा मोडू नये, कणी होऊ नये. फट जराशी कमी झाली का कणीच कणी. आता मले कणीच पायजे, पन तेलाची."

मी म्हटले, म्हणजे घुसळायचे नाही?

"घुसळल्यानं थेंब फिरते. फाटत नाई. हे पातं मधातून माल वढते आन् जाळीच्या भोकातून बाहेर फेकते. त्या फटीतून जाताना थेंबाचे तुकडे होते. माल फिरून आत येते, फिरून तुकडे. मंग तेल तेल राहत नाई, धूळ होते."

आणि साबण? तर म्हणाले, साबण प्रत्येक तुकड्याला अंगरखा घालतो, म्हणून तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत.

लिंबू पिळले, इंजिन लागले. चाक पूर्ण बुडालेले असल्याने फेस नाही. आवाज वेगळाच, उसाच्या चरकात कोणीतरी शिट्टी वाजवावी तसा. पाचव्या मिनिटाला डब्यात दूध. शुभ्र. हात लावला तर डबा कोमट झालेला. सासूबाई उठून आल्या आणि बोट बुडवून वास घेतला, म्हणजे काय ते समजावे.

उतरत्या उन्हाला पाहिले तर दुधात दाणे धरले होते. वाटीच्या कडेला फाटल्यासारखे, त्यावर तेलाचा तवंग. यांनी वाटी हातात घेऊन फिरवली आणि खाली ठेवली. म्हणाले, "अर्धं तं झालं."

बुधवार, १७ मार्च

मी चार दिवस बाजूला होते, वही शिवायची नव्हती. आठवून लिहिते.

शनिवारी माझ्या मागे यांनी घाणा लावला. साबण सासूबाईंनी दिला. पूजा राहून गेली. सासूबाईंना लिंबाचे म्हटले तर म्हणाल्या, "देव का रोज निंबू मांगते? मले काटे रुतते." मनाला फार रुखरुख लागली. बसल्या जागी एकशे आठ वेळा नाव घेतले. देवाची कृपा पाहा, तो घाणा टिकला. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आज चौथ्या दिवशीही दुधासारखा. बाटली कोनाड्यात ठेवली आहे.

मी म्हटले, हीच केशोरावांकडे पाठवू. हे म्हणाले, "एक घाणा साधला म्हनजे साधलं असं नाई. चाळीस डझन द्याचे आहेत. काऊन साधला, थे कळलं पायजे."

आज न्हाऊन आले. राहिलेली पूजा भरून काढली, एकाच्या जागी दोन लिंबे पिळली. घाणा इतका वाईट फाटला की पातेल्यात छेना पडावा तसा. का, ते कळत नाही. हे म्हणतात, फट हलली असेल.

सोमवार, २९ मार्च

फट कमी केली. फाटले. पाती घासून नवी धार दिली. फाटले. विहिरीच्या पाण्याऐवजी गाळून उकळलेले पाणी घेतले, सरपण जळले, फाटले. बारा दिवसांत सहा घाणे. मारुतीला रोज अकरा प्रदक्षिणा चालू आहेत. लिंबाच्या झाडाची एक बाजू मोकळी झाली.

मिलचा हमाल मनिराम रस्त्यात भेटला तर यांना म्हणाला, "सेठ पूछ रहे थे, दूध पतला निकल रहा के गाढ़ा?" हे हसले. घरी येऊन सगळी अवजारे पुसून ओळीने लावली. निघायच्या आदल्या दिवशी मिलमध्ये लावली होती, तशीच.

मी खरे लिहिते, मला वाटू लागले आहे की या माणसाने चुकीची उडी घेतली. हे मी कोणाला बोलणार नाही.

सोमवार, १२ एप्रिल

आज रामनवमी. पाळणा हलवला पण मन थाऱ्यावर नव्हते.

गुरुवारपासून मी पुन्हा बाजूला होते. शुक्रवारी आणि शनिवारी यांनी दोन घाणे लावले. दोन्ही टिकले. गेल्या महिन्याची कोनाड्यातली बाटलीही अजून पांढरीशुभ्र आहे.

मी मूर्ख नाही, मॅट्रिक झालेली आहे. मी दूर असते तेव्हा साधते, मी जवळ आले की फाटते. एकदा योगायोग म्हणता येईल. महिन्याच्या अंतराने पुन्हा तेच झाले, तर त्याला काय म्हणावे? माझा हात अपशकुनी आहे. देवाचे इतके करूनही मनात कुठे खोट राहिली असेल. सेठच्या दारात यांना उभे करणारी मीच.

आज हे यंत्राजवळ बसून बराच वेळ माझ्या पूजेच्या ताटाकडे बघत होते. मग हळूच विचारले, "अवो, पूजा दाराशी केली तं देवाले चालत नाई का?" म्हणजे यांनाही तेच वाटते. मला आत येऊ द्यायचे नाही, आणि तोंडाने म्हणवत नाही. मी पदर डोळ्याला लावला तर घाबरून गेले, म्हणाले, "राहू दे, राहू दे. मी आपलं असंच इचारलं." आणि इंजिनाला तेल द्यायला निघून गेले. तेल सकाळीच दिले होते.

मंगळवार, १३ एप्रिल

मी ठरवले, माझ्या हाताची परीक्षा मीच घेईन. सकाळी सासूबाईंच्या पाया पडले आणि म्हटले, आजपासून पूजा तुम्ही करा. मी शेडमध्ये पाऊल टाकणार नाही.

"काऊन? काय झालं तुले?"

सगळे सांगितले. त्यांनी ऐकले आणि म्हणाल्या, "तुह्या हाताचा भात खाऊन मी बारा साल जित्ती आहे. अपशकुनी असती तं मी कईचीच गेली असती." पण ताट घेतले. माझ्यासारखेच सगळे केले. हळद, कुंकू, लिंबू. मी अंगणात तुळशीपाशी उभी.

दुपारी घाणा फाटला.

सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "घे. आता माहाही हात अपशकुनी." मला हसू आले आणि रडूही आले. पहिल्यांदा वाटले की हात नव्हे, दुसरेच काहीतरी आहे.

गुरुवार, १५ एप्रिल

हे आज जसे घडले तसे लिहिते.

दुपारी हिशेब जुळवायला बसले. औषधाच्या पानावर फाटलेल्या घाण्यांना फुली करते. जाळी लागल्यापासूनच्या फुल्या मोजल्या. मग देवधर्माचे पान उघडले, एप्रिलचे तेल-वात लिहायचे होते. तिथे लिंबे. आठ मार्च, एक. सतरा मार्च, दोन. पुढे सगळी. माझे बोट तारखांवरून खाली गेले आणि थांबले. दोन्ही पाने शेजारी धरली. जितक्या फुल्या, तितक्या दिवशी लिंबे. टिकलेल्या तीन दिवसांपुढे देवधर्माचे पान कोरे. सतराला दोन लिंबे, आणि सतराचाच घाणा सर्वांत वाईट.

उठले. कोनाड्यातली महिनाभर टिकलेली बाटली काढली, वाटीत थोडे ओतले, अर्धे लिंबू पिळले. डोळ्यांसमोर दाणे धरले.

मी मोठ्याने हाक मारली. हे आले, सासूबाई आल्या. मी वाटी दाखवली. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "दूध फाडायले आपन निंबूच पिरतो. थे तं शेंबड्या पोरालेई मालूम आहे."

खरेच मालूम आहे. मीही दर श्रावणात दूध फाडते. पण हे दूध नव्हते, औषध होते. आणि लिंबू दांड्यावरून ओघळून औषधात पडत होते असे मला कधी वाटलेच नाही, ते पूजेत पडत होते. औषधाच्या पानावर मी ते लिहिलेच नव्हते, मग सापडणार कसे?

हे म्हणाले, आंबट साबणाला मारते. थेंबाचा अंगरखा निघाला की उघडा थेंब उघड्या थेंबाला चिकटतो. मग कितीही फाडा. हे सांगताना यांचा चेहरा असा मोकळा झाला होता की जणू महिनाभराचा बोजा कोणी उतरवला. मी म्हटले, तुमच्या लक्षात कसे आले नाही, इतके यंत्राशी असता? तर मिशीत हसले, म्हणाले, "तू पाहलं, तेच बरं झालं." पुरुषांना अशा बारीक गोष्टी दिसत नाहीत. त्यांना आधी दिसले असते तर बोलले नसते का?

मारुतीपुढे कान धरले. त्याच्या ताटातले मी दुसऱ्याच्या भांड्यात ओतत होते. उद्यापासून लिंबू उंबऱ्यावर, त्याचे त्याला.

रविवार, १८ एप्रिल

हनुमान जयंती. शुक्रवार, शनिवार आणि आज, तीन दिवसांत पाच घाणे, पाचही टिकले. पूजा पाचही वेळा झाली, लिंबू पाचही वेळा उंबऱ्यावर. पाचवा घाणा मी एकटीने केला. साबण, तेल, कापूर, वेळ, सगळे माझ्या हाताने. हे फक्त भिंतीपलीकडे इंजिनापाशी होते आणि मध्ये एकदाही डोकावले नाहीत.

उद्या हे तीन बाटल्या केशोरावांकडे नेतात. बरोबर कृतीचा कागद आहे, माझ्या अक्षरात. पंधरावा दिवस चार मे, अखाजीच्या आदला. एक दिवसही हाताशी उरत नाही.

मंगळवार, ४ मे

कामठ्याहून परत येऊन लिहिते आहे.

केशोरावांचा निरोप होता, कागद लिहिणारीनेही यावे. शेजारच्यांचा छकडा जुंपून आम्ही तिघे निघालो. सासूबाई म्हणाल्या, "फाटलं तं मीच केशोरावले सांगीन, पोराचा दोस नाई, उन्हाचा आहे." सोसायटीच्या खोलीत दहा-बारा शेतकरी आधीच बसले होते. तीन बाटल्या पश्चिमेच्या खिडकीत, चैत्र-वैशाखाच्या उन्हात पंधरा दिवस तापलेल्या. मी लांबूनच पाहिले आणि डोळे मिटले.

केशोरावांनी पहिली बाटली उचलली, उजेडात धरली, उलटी केली. दुसरी. तिसरीचे लाखेचे सील त्यांनी स्वतः फोडले, बोट आत घातले, अंगठ्यावर घासले.

"दुधराम, इकडं ये. तुह्या बैलाची कातडी गेली होती. सांग, तेल कोनतं आन् पानी कोनतं."

दुधराम म्हणजे साठीचा उंच माणूस. त्याने बाटली नाकाशी नेली, जिभेला लावू गेला तशी लोकांनी थांबवली. मग म्हणाला, "वरचं खालचं एकच आहे गा. पाटलाच्या म्हशीचंई दूध असं नसते." सगळे हसले.

बाहेर त्याचाच बैल उभा होता, उन्हाळी वाहतुकीने खांदा लाल झालेला. दुधरामने तळहातावर घेऊन चोळले. बैल कातडी थरारवून घेईल म्हणून सगळे बघत राहिले. बैलाने मान खाली घालून कडबा ओढला.

कोणीतरी विचारले, "मिस्त्री, किती येळ घुसळलं?"

हे म्हणाले, "घुसळलं नाई भाऊ. फाडलं."

चाळीस डझन लिहिले गेले. मग केशोरावांनी विचारले, बनवणाऱ्याचे नाव काय टाकू, सोसायटीला कागदावर लागते. यांनी माझ्याकडे बोट केले. "यंत्र माहं. औषध इचं." केशोराव लेखणी धरून थांबले, तशा सासूबाई मागून म्हणाल्या, "लिहा ना. बाईचं नाव लिहाले का जास्त शाई लागते?"

माझे नाव मी सांगितले नाही, दौत ओढून स्वतः लिहिले. सुमित्रा तेजराम पटले, मॅट्रिक.

बुधवार, ५ मे

अखाजी. पितरांना घागर दिली, पुरणाचा नैवेद्य केला.

हे न्हाऊन, धुतलेले धोतर नेसून मिलमध्ये गेले. तासाभरात परत आले. सेठ गादीवरून उठले म्हणे, "बोल तेजराम, कब से आता है?" यांनी सांगितले की यायला नाही, झिजलेल्या जाळ्या भंगाराच्या भावाने विकत घ्यायला आलो, असतील तेवढ्या. सेठ पुन्हा गादीवर बसले. मग म्हणाले, "मेरे बैलों के लिए दो दर्जन अलग रखना." सहा जाळ्या मिळाल्या.

रविवार, ९ मे

इंजिन सकाळपासून चालू आहे. सहा डझन भरून झाल्या. सासूबाई बुचे ठोकतात आणि प्रत्येक बाटलीला एक शिवी देतात, प्रेमाची.

बाटल्यांवर लावायची चिठ्ठी मला लिहायची होती. नमुना म्हणून बाहेरच्या औषधाची एक रिकामी बाटली घेतली. तिच्यावर पहिलीच ओळ होती, वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. मी ती ओळ टाकाने अर्धी उतरवली आणि थांबले. कागद वाया गेला त्याचे वाईट वाटले, पण फाडला. नव्या कागदावर लिहिले:

बैलांच्या खांद्याचे दूध. बाटली हलवण्याची गरज नाही.